या उपवासात मी धुणं सोडलं

"टोपली उचला, मास्तर," मी म्हटलं. "आणलीत तशी परत न्या."

हेडमास्तर उंबऱ्यात उभे. हातात वेताची टोपली, तिच्यात चर्चचे कपडे. वेदीवरची मोठी चादर, चार चौकोनी कापडं, प्याला पुसायची आठ फडकी. कपाळावर बुधवारी लावलेली राख पुसून चार दिवस झाले होते, पण चेहरा अजून राखेचाच. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली. आता ते चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत आणि तिथेही हजेरी घेतल्यासारखेच बोलतात.

"वहिनी, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय? उपवासकाळ आहे ना? लोक मटण सोडतात, साखर सोडतात. तुमच्या मिसेसनी टीव्ही सोडला, शेजाऱ्यांना बरं वाटलं. मी धुणं सोडलं."

"चर्चचं?"

"घरचं सोडलं तर उद्या नेसू काय?"

त्यांनी टोपली खाली ठेवली. मी ती पायाने हळूच बाहेर सरकवली. हाताने सरकवायला वाकावं लागलं असतं आणि त्यांच्यापुढे वाकायची माझी तयारी नव्हती.

माझ्या रागाचं कारण त्यांनाही ठाऊक होतं. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मिस्सेची प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या दारातच त्यांनी माझ्या थोरल्या लेकीला गाठलं होतं आणि वाचणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढलंय, असं सांगितलं होतं. नवरा सोडून आलेल्या बाईने वेदीजवळ उभं राहून देवाचा शब्द वाचणं लोकांत बरं दिसत नाही, निदान या काळात तरी. थोरलीने हातातली पुस्तिका तिथल्या टेबलावर ठेवली, घरी आली आणि भाजी चिरायला बसली. मीच बोलत होते, भाजी शिजेपर्यंत.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, त्यातली अर्धी तिसरी धाकट्या भावंडांना खेळवण्यात गेली. दुकानाची पाटी वाचेपर्यंत मी दुकान ओलांडून गेलेली असते. पण माझी थोरली अकरा वर्षं त्या चर्चमध्ये वाचत होती. ती बस स्टँडवर नोकरीला आहे, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवर सांगते. तिचा आवाज असा की घाई असलेला माणूसही थांबून ऐकतो. ती वाचायला उभी राहिली की मी शेवटच्या बाकापर्यंत मान वळवून बघत असे, कोण कोण ऐकतंय ते.

"वहिनी, राग समजतो मी," हेडमास्तर म्हणाले. "पण तुम्हीच तिला दोनदा परत पाठवलं होतं. माझ्यासमोर म्हणाला होतात, क्रूस आहे तिचा, वाहिला पाहिजे. मग आम्ही काय वेगळं म्हणतोय?"

उत्तर नसलं की मी दार लावते. लावलं.

एकतीस वर्षं मी हे धुणं धुतलं होतं. ह्यांच्या मरणाच्या आठवड्यातसुद्धा चुकवलं नव्हतं. ते काही साधं धुणं नसतं. प्याला पुसायच्या फडक्यांना खळ द्यायची नसते, दिली तर ती ओल शोषत नाहीत. वेदीवर पसरायच्या चौकोनी कापडाला मात्र खळ हवीच, आणि त्याची घडी आत आत घालायची, नऊ घरांची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा एखादा कण पडलाच तर कापडातच राहतो. आणि पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही. त्यात प्याल्यातल्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा, अंश असतो, ते मातीत ओतायचं. माझ्या मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाने एकतीस वर्षं दुसरं पाणी फारसं बघितलेलं नाही.

हे कमिटीत कोणाला माहीत असणार? हेडमास्तरांनी टोपली नाक्यावरच्या लाँड्रीत दिली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले. फादर नवीन, वय असेल तिशीचं. मिस्सेत त्यांनी प्याला पुसायला फडकं उचललं तर ते पत्र्यासारखं ताठ. पुसायला जावं तर ओघळ फडक्यावरून घसरून त्यांच्या बाहीत. फादर बाहीकडे बघत राहिले. मी छताकडे बघितलं.

आणि वेदीवरची चादर. तिची कड मी स्वतः विणलेली, दोन पावसाळे लागले होते. तिच्या पुढच्या कोपऱ्यावर लाँड्रीवाल्याने न जाणाऱ्या काळ्या शाईने आकडा टाकला होता. त्रेसष्ट. कोणाच्या तरी शर्टांमध्ये हरवू नये म्हणून.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तरीही मी टोपली आणायला गेले नाही. पहिलं पाणी गटारात गेलं असणार, हे जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा. म्हणजे तसा उपवासही पुरेपूर झाला.

पाच आठवडे असे गेले. झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी, ईस्टरला सहा दिवस असताना, दुपारी दार वाजलं. फादर. हातात तीच टोपली.

"मावशी, धुवायला शिकवा."

"तुम्हाला?"

"मला. तुम्ही सोडलंय, तुमचा नेम मोडू नका. मी धुतो, तुम्ही बसून सांगा."

पोरगा हुशार होता. मी त्यांना मागच्या दारी नळाजवळ नेलं, बसायला पाट दिला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फडकी बादलीत बुडवली. घोळसली, पिळली आणि पाणी सरळ मोरीकडे कलंडवायला निघाले. मी मनगट धरलं.

"मातीत."

"हो की. पुस्तकात वाचलं होतं मी हे."

"पुस्तकाला मोरी नसते, फादर."

ते हसले, उठून लिंबाच्या बुंध्याशी बादली रिकामी केली आणि तिथेच, माझ्याकडे पाठ करून बोलले. "यादीतून नाव काढताना मला कोणी विचारलं नव्हतं. पण कळल्यावर मी गप्प बसलो. मारणाऱ्याचं घर सोडणं हे पाप नाही, हे मला तेव्हाच सगळ्यांसमोर सांगता आलं असतं."

"प्रभू क्रूसावर गेला त्या शुक्रवारीही खाली गप्प बसणाऱ्यांची कमी नव्हती."

"नव्हती," ते म्हणाले. "ईस्टरच्या सकाळचं पहिलं वाचन तिने करावं, असं मला वाटतं. येईल का ती?"

"येईल म्हणजे? मीच तिला घेऊन..."

मागे पाऊल वाजलं. थोरली ड्युटीवरून आली होती. निळा शर्ट, छातीवर बिल्ला. किती वेळ दारात उभी होती कोण जाणे.

"फादर, तुम्ही मला विचारायला आलात की आईला?"

फादर ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. "चुकलंच. तुला विचारतो. वाचशील?"

"बघते. त्या दिवशी माझी सकाळची ड्युटी आहे." ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी इस्त्री लावली. कापडं धुतली फादरांनी, पण घडी त्यांच्या बापाला जमली नसती. थोरली समोर येऊन बसली.

"आई, हे पाच आठवडे तू कोणासाठी भांडलीस?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी."

"मला विचारलं होतंस?"

"आईने भांडायला परवानगी काढायची?"

"पहिल्यांदा मी आले तेव्हा माझा हात सुजला होता," ती शांतपणे म्हणाली, फलाट सांगावा तशी. "तू बर्फ लावलास आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलंस. दुसऱ्यांदा डबापण भरून दिलास. तिसऱ्यांदा मी तुला न विचारता आले आणि राहिले. तेव्हा नाही भांडलीस तू कोणाशी. नाव यादीतून गेलं तेव्हा भांडलीस. रविवारी मान वळवून बघायला काही उरलं नाही म्हणून."

इस्त्रीखालून करपल्याचा वास आला. मी ती उभी केली. एकतीस वर्षांत एक कापड जाळलं नव्हतं, ते त्या दिवशी जळता जळता राहिलं.

मला माफी मागायची सवय नाही. सासू गेली, नवरा गेला, दोघांशी भांडणं अर्धी राहिली, पण मी काही म्हटलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही."

"आलंय तुला ऐकू."

ती हसली नाही, पण उठून चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ताणून तिची घडी घातली. त्रेसष्टचा आकडा तिच्या बाजूला आला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. तो घालवायला मी कालपासून मीठ लावून बघितलं होतं, लिंबू, ऊन, सगळं झालं होतं.

"येशील का गं रविवारी?"

"बघते म्हटलं ना."

शनिवारी दुपारी मी वेदीवर चादर घालायला गेले. चर्च रिकामं, वेदी रिवाजाप्रमाणे गुरुवारपासून उघडी, नुसता दगड. हेडमास्तर मेणबत्त्या मोजत होते. मी चादर पसरली तसे ते पुढे आले.

"वहिनी, तो आकडा मागे घ्या. भिंतीकडे."

"समोरच राहील."

"लोकांना दिसेल."

"दिसू दे. धुऊन जात नाही ते, मास्तर. मी सगळं करून बघितलं."

ते चष्मा पुसत राहिले. "त्या दिवशी मी तुमच्या दारात जे बोललो..."

"ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच दार लावलं मी. पण म्हणून तुमची यादी बरोबर ठरत नाही. मी मूर्खपणा केला, तो तुम्ही नियम करून भिंतीवर लावलात."

चादरीची एक बाजू खाली आली होती, ती त्यांनी न सांगता सारखी केली. आकड्याला हात लावला नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलेलं. वाचणाऱ्याची खुर्ची रिकामी. गाणं झालं, प्रार्थना झाली. हेडमास्तर मांडीवर पुस्तिका घेऊन तयारीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले. दाराकडे मान वळवायची नाही, असं मी घरूनच ठरवून आले होते.

चपलांचा आवाज मधल्या वाटेने आला. चालणारीला घाई नव्हती. सगळ्या बायका नव्या कपड्यांत, आणि ही निळ्या शर्टात, छातीवर बिल्ला, ड्युटी मध्येच कोणावर तरी सोपवून आलेली. खुर्चीवर बसली नाही, सरळ वाचायला उभी राहिली. हेडमास्तर अर्धे उठले होते. पुस्तिका त्यांनी तिच्या हातात दिली आणि खाली बसले.

त्या दिवशीचं वाचन पेत्र या शिष्याच्या भाषणाचं असतं. प्रभूला पकडलं त्या रात्री त्याने तीनदा ओळख दिली नव्हती, तरी पुनरुत्थानाचं लोकांना सांगायचं काम त्यालाच मिळालं. हे मला पन्नास ईस्टर ऐकून कळलं नव्हतं. त्याने तीनदा, मी दोनदा.

ती वाचत होती. नेहमीसारखीच, आवाजात उगाच भाव न आणता, गाडी कुठली आणि जाणार कुठे ते शेवटच्या माणसालाही कळावं असं. कोणी खोकलं नाही. मी मागे वळून बघितलं नाही कोण ऐकतंय ते.

शेवटचं वाक्य संपल्यावर सवयीने ती क्षणभर थांबली, गाडी हलायची वाट बघितल्यासारखी. मग पुस्तिका मिटली, वेदीपुढे वाकली आणि चपला वाजवत आली तशी मधल्या वाटेने निघून गेली. दहा मिनिटांनी तिची पुढची गाडी होती.

मी माझ्या जागी बसून होते. समोर वेदीच्या पांढऱ्या कोपऱ्यावर, सकाळच्या उन्हात, त्रेसष्ट.