तेल न मागणारी सुरी

आमच्या धक्क्यावर एक नियम आहे. बोटीच्या पंख्यात अडकलेली जाळी आणि दोर कापायला ज्याला खाली उतरायचंय, त्याने आपली सुरी आपणच निवडायची. ती संध्याकाळी खाऱ्या चिखलाच्या बादलीत टाकायची आणि सकाळी न पुसता, धार न लावता, सगळ्यांसमोर डांबर लावलेला दोर कापून दाखवायचा. कापला तर खाली उतरणाऱ्यांच्या टोळीत जागा. नाही कापला तर पुढचा हंगामभर गाळाच्या टोपल्या उचला.

माझ्या मुलीने टोपल्या पुष्कळ उचलल्या होत्या. तिला आता बोटीखाली उतरायचं होतं, आणि मला तिला उतरताना बघायचं होतं. टोळीत मी एकटीच बाई, तीही सगळ्यांत जुनी. माझ्यानंतर माझी मुलगी, ही हौस मला होतीच.

म्हणून मी लोहाराकडून माझ्या सुरीसारखीच एक सुरी घडवून घेतली. लाकडी मूठ, पातळ पोलादी पातं, केस उभा चिरेल अशी धार. निवडायची तिनेच, पण समोर ठेवायला काय जातं?

तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "छान आहे, आई. पण हिचे लाड कोण करणार? तू रोज तुझ्या सुरीला जेवढं तेल चोळतेस, तेवढं माझ्या डोक्यालाही कधी चोळलं नाहीस."

माझं डोकं फिरलं. तरी तिच्याबरोबर दुकानात गेले, कारण घरी बसून नुसती चरफडत राहिले असते.

दुकानदाराने आधी मिटणारे चाकू मांडले. ती म्हणाली, "सांध्यात वाळू जाते, मग उघडतच नाहीत." मग त्याने लांब, टोकदार, आरशासारखी चकचकीत सुरी काढली. "टोक दोराखालून जाऊन माझ्याच मांडीत घुसेल," म्हणाली. शेवटी तिने कोपऱ्यातली एक बुटकी सुरी उचलली. जाड पाठीची, बोथट टोकाची, न गंजणारी. पातं मुठीच्या पार शेवटपर्यंत गेलेलं. मूठ खरबरीत रबराची, आणि रंग भडक नारिंगी.

"खेळण्यातली वाटते," मी म्हटलं.

"चिखलात पडली तर सापडेल," ती म्हणाली. मग तिने दुकानदाराकडून भांडी घासायचा साबण मागून घेतला, तळहातभर चोळला आणि डोळे मिटून मूठ आवळून, पिळून पाहिली. मूठ जरासुद्धा घसरली नाही. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे बघितलं, कारण मला हसू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

संध्याकाळी तिची सुरी बादलीत पडली. टोळीतला एक उंच गडी मला म्हणाला, "अक्का, ही तर सकाळी आइस्क्रीमसुद्धा कापणार नाही." तिच्यावर मी हसले तर चालतं, दुसऱ्याने हसलेलं मला खपत नाही. तोऱ्यात मी माझीही सुरी बादलीत टाकली. "दोन्ही बघा मग."

टोळीचा मुकादम हळूच म्हणाला, "अक्का, तुझ्या सुरीला तेलाची सवय आहे." पण मी एकदा बोलले की मागे घेत नाही.

सकाळी मुकादमाने दोन्ही बाहेर काढल्या. माझ्या सुरीचं पातं तांबूस झालं होतं, मूठ फुगून तडकली होती. आधी मी दोराला लावली. दोन ओढी बऱ्या गेल्या, मग पातं अर्ध्यात रुतून बसलं. सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले.

मुलगी पुढे आली. चिखलाने बरबटलेली मूठ तशीच धरली, पात्याच्या पाठीवर अंगठा रोवला आणि ओढली. दोर तुटून दोन्हीकडे पडला. तिने दुसरा तुकडा घेतला, तोही कापला. तिसरा घेतला तेव्हा मुकादम म्हणाला, "पुरे बाई, दोर संपेल."

मग त्याने विचारलं, "सुरी निवडायला कुणी शिकवलं?"

"आईने," ती म्हणाली. "लहानपणी तेलाचं फडकं माझ्याच हातात द्यायची. तेव्हाच ठरवलं होतं, माझी सुरी तेल मागणार नाही."

सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. सुरी हरली याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ऊर असा भरून आला होता की वाईट वाटायला फारशी जागाच उरली नव्हती.

ओहोटी लागली होती. एक बोट पंख्यात जाळं गुंडाळून चिखलात तिरकी उभी होती. मुलगी कमरेला दोर बांधून खाली उतरली. दोराचं दुसरं टोक मी धरलं.

बोटीचा मालक वरून काळजीने ओरडला, "अक्का, तू नाही उतरत? ही नवी कोण? जमेल हिला?"

"माझी मुलगी आहे," मी म्हटलं. "मला आज उतरायचं असतं, तर सुरी तिचीच मागावी लागली असती."