खाच खाली

कॉलेजातल्या सांगाड्यांची हाडं तारेनं जोडतो तो मी. सगळे मला तारवाले काका म्हणतात. एकतीस वर्षांत माझ्या सांध्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.

सुट्टीत 'आजोबां'चे, म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या सांगाड्याचे, दोन्ही खांदे सोडवले, कारण तारा गंजल्या होत्या. डावं-उजवं मिसळू नये म्हणून सोडवण्याआधी उजवीकडच्या हाडांना धागा बांधायचा, ही आमच्या कामातली रीत. म्हटलं, धागा नवशिक्यांनी बांधावा. गप्पा मारत मारत खांदे जोडून मोकळा झालो.

धाकटी लेक इथंच फिजिओथेरपी शिकते. हाडांच्या या विषयात एकदा गचकली होती. पुन्हा गचकली असती तर वर्ष वाया. तोंडी परीक्षेला आजोबांना ढकलत नेलं ते मीच, आणि रेंगाळलो दाराशी.

"खांदा सांग," बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या.

"दंडाच्या हाडाचा गोल माथा पात्याच्या उथळ खोबणीत बसतो. खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच खांदा पटकन निखळतो."

माझी छाती फुगली. मग तिचं बोट गळ्याखालच्या आडव्या हाडावर गेलं आणि तिथंच थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भुवयांनीच विचारलं, अडलीस कशाला?

"मॅडम, हे हाड डावं आहे. उजवीकडे लावलंय. खालची खाच वर आलीय."

मॅडमनी चष्मा चढवून पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"जोडलं कुणी?"

पोरगीनं हाडावरचं बोट मागे घेतलं.

"मी," मी म्हणालो. "हिचा बाप."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही. शाळा सुटली की मी बाबांजवळ येऊन बसायचे. ते डोळे मिटायला लावून हातात हाड द्यायचे. जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, खाच खाली."

पास झाली. मार्कही भरघोस.

दुपारी आजोबांचे खांदे पुन्हा सोडवायला घेतले. ती शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, चारचौघांत बोलले. राग आला?"

"आला ना. माझाच. धर हा धागा, बांध उजवीकडे."

तिनं गाठ मारली, मी तार ओढली.

एकतीस वर्षांत माझ्या सांध्यावर एकीनंच बोट ठेवलं, आणि ती माझी लेक आहे. हेही मी कुणी न विचारता सांगतो.