पहिला मारा आभाळाला

मित्रांनो, मी राहीबाईची गोफण. जुनी आहे, एका बाजूने तुटलेली आहे आणि रागावलेली आहे. माझा राग ऐकून घ्या, मग खुशाल शाळेत जा.

खर्ड्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसतात अशा एका काळ्या रानात राहीबाईचा शाळू असे. मला तिनेच घडवले. अंबाडी पाण्यात कुजवली, वाख सोलला, मांडीवर वळून दोन दोऱ्या केल्या आणि मधे दगड बसेल एवढी जाळी विणली. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवायला फासा ठेवला, दुसरे टोक मोकळे. मला गरगर फिरवून ते टोक सोडले की असा आवाज निघे, की तिसऱ्या रानातले होले उडत.

माझी जाळी दगडासाठी विणलेली, पण राहीबाईने तिच्यात दगड कधी घातला नाही. काळ्या मातीत राख कालवून ती लिंबाएवढे गोळे वळी आणि उन्हात वाळवी. असा गोळा वरच्यावर फुटे, त्याचा भुगा पाखरांवर शिंपडला जाई आणि थवा उठे. पाखरू मरत नसे. रोजचा पहिला मारा तर ती मोकळ्या आभाळालाच करी. "आमी आलोय, एवढं सांगितल्यालं बरं," असे म्हणे.

चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर आमची सकाळ उजाडे. पौषात हरभऱ्यावर आंब धरलेली असे. राहीबाई तिच्यावर फडके पसरी आणि नंतर ते पिळून आंबट थेंब जिभेवर घेई. बांधावरची करडई पिवळी झालेली असे. मग भोरड्या येत. काळे डोके, गुलाबी पोट, आणि थवा वळला की कुणी आभाळात लुगडे झटकावे तसा दिसे. राहीबाईचा हात तिथेच थांबे. मी तिच्या बोटाला नुसती लोंबत राही.

शेजारच्या रानातली साळूबाई ओरडे, "अगं राहीबाई, पाखरं हाकलाया बसलीस का पाव्हण्यांना वाढाया?"

"पाव्हणं लई लांबून आल्यात, साळूबाई! घासभर खाल्ल्याबिगर कसं उठवू?"

"मग ताटाभवती रांगोळी बी काढ!"

दोघी हसत, आणि मग माझा आवाज निघे. हे सगळे फुकट होते, मित्रांनो. बघायला फक्त मान वर करावी लागे. तेवढीही तसदी दुसरे कुणी घेत नसे, आणि माझ्या रागाचे मूळ तिथे आहे.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. रानात कणीस नाही, तर राखण कसली? राहीबाई, तिचा मुलगा रंभाजी आणि सून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. राहीबाईने मला कमरेला गुंडाळले होते. घरात रेशनवर मिळालेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी होत. हातोडा उचलताना ती वर बघे आणि पुटपुटे, "औंदा कुनीच न्हाई." भोरड्यांनाही तो मुलूख परका झाला होता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पौषात शाळू डोक्याच्या वर गेला. एका सकाळी बुरुजामागून थवा उठला, तेव्हा राहीबाई माळ्यावर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. "आल्या गं बायांनो! आठवण ठेवली!" त्या दिवशी पहिला मारा करायचेही ती विसरली.

रंभाजी खालून बघत होता. त्याला दिसली फक्त कणसे. तो घरी गेला आणि पोत्यातून खडी घेऊन आला. तीच, त्यांनी फोडलेली, धारदार.

"आये, सर बाजूला. मातीच्या गोळ्यांनी भागायचं न्हाई."

"रंभा, खडी घालू नगंस तिच्यात."

"माझ्या पोरांनी मिलो खाल्ला. आता एक दाना सोडायचा न्हाई मी."

त्याच्या पोरांचे हाल मी पाहिले होते. तरीही सांगते, त्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्याने आभाळाला मारा केला नाही. सरळ कणसांवर बसलेल्या थव्यात खडी सोडली, एकदा, दोनदा, तीनदा. ती माझ्यातून सुटत होती आणि मला थांबता येत नव्हते. गोफणीला कुठे हात असतात!

पाच भोरड्या पडल्या. राहीबाई खाली उतरली. तिने एक उचलली. अंग अजून गरम होते. चोच उघडली, तर आत दाणा नव्हता. अर्धा गिळलेला टोळ होता.

"बघ. तुझ्या पिकावरचा टोळ खात हुती ही."

"आज टोळ, उद्या दाना. पाखराला काय कळतंय?"

"आन् तुला? तुझं ताट पाखरांनी पळवलं हुतं व्हय रं? पाऊस पडला न्हाई त्याचा सूड हिच्यावर?"

तिने त्याच्या बोटातून मला ओढून घेतले, विळा काढला आणि माझा फासा कापून टाकला. मला तिचा राग आला नाही. मला बरे वाटले.

थवा किल्ल्यावरून दोनदा फिरला आणि निघून गेला. त्या हंगामात पुन्हा उतरला नाही. रंभाजीला सगळी कणसे मिळाली, त्यातली कितीतरी टोळांनी खाल्लेली.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. तिथून हातभर आभाळ दिसते. यंदा शाळू पुन्हा डोक्याएवढा झाला आहे. राहीबाई रोज माळ्यावर नुसती जाऊन बसते. काल संध्याकाळी रंभाजी दारात घुटमळला. पाय घासत म्हणाला, "आये, त्या भोरड्या... येत्यात तरी कुन्या दिशेनं?"

तीस वर्षे त्याच रानात राबलेला माणूस हे विचारत होता! "सकाळी माळ्यावर चल. मान वर कर आन् तूच बघ," एवढेच राहीबाई म्हणाली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. तुटलेली आहे तेच बरे. पण उद्या शाळेच्या वाटेवर कुणी तुम्हाला विचारले, की तुमच्या गावावरून कोणती पाखरे कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिशेने येतात, तर किती जण सांगाल? खाली माना घालू नका. वर करा. आणि ते सांगता येईपर्यंत दगडाला हात लावू नका.