दुसरं नाव

सोहेलनं मोजपट्टीचं टोक तुळशीच्या कट्ट्यापाशी धरायला सारिकाला दिलं आणि तो पट्टी ओढत पडवीपर्यंत मागं सरकत गेला. पाळणा कुठं टांगणार, असं त्यानं विचारल्यावर नंदाबाईंनी पडवीच्या तुळईकडं बोट दाखवलं. कामशेतला त्याचं सजावटीचं दुकान होतं. आता बारसं म्हटलं की फुगे, मागचा झालरीचा पडदा आणि थर्माकोलची अक्षरं लागतातच.

"मावशी, नाव काय कापायचं? लांबलचक असलं तर पडदा रुंद घ्यावा लागेल."

"शरयू," नंदाबाई म्हणाल्या. "पन झाकून आण बाबा. आत्यानं कानात सांगायच्या आधी गावानं वाचाया नको."

"आत्याला काय देणार ते बोला आधी," सारिका पट्टीचं टोक धरून म्हणाली. ती सकाळच्या गाडीनं देहूरोडहून आली होती. "नुसत्या साडीवर तोंड उघडायची न्हाई मी."

"जन्मल्यापासनं घेतच आलीस की. आता भाचीच्या बारशात तरी हात आखड."

सोहेल हसला. नंदाबाईही हसल्या आणि हसू आलं म्हणून त्यांचं त्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

"दोन नावं कापा," मागून आवाज आला.

नंदाबाईंची सून प्रेरणा उंबऱ्यात उभी होती. खांद्यावर बाळ, डोक्याला फडकं बांधलेलं.

"एकावर शरयू. दुसऱ्यावर रेवा."

सारिकाच्या हातून टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन सोहेलच्या हातातल्या डबीत गेली. जुळ्यांची गोष्ट त्याला ठाऊक होती, सगळ्या पवन मावळाला होती. दोघी मुलीच, आणि वेळेच्या फार आधी झालेल्या. थोरली पहिल्याच दिवशी गेली. धाकटी काचेच्या पेटीत राहून आता कुठं घरी आली होती, म्हणून तर बारसं इतकं लांबलं होतं.

"प्रेरणा, आत जा," नंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हवा लागंल तिला."

"आई, तिला नाव नको का?"

"भरल्या घरात, पाळण्याच्या म्होरं, गेलेलीचं नाव? आन् ह्या पोरीला काय झालं मंजी? कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

"काही होत नाही. नऊ महिने पुरे झाले नाहीत म्हणून ती आपली नव्हती का? सारिकाताई, तुम्ही हिच्या कानात सांगाल, तेव्हा दुसरंही सांगा. नुसतं एकदा."

सारिकानं आईकडं पाहिलं, मग खाली. "मला नका गं ह्यात ओढू, वैनी."

नंदाबाई लग्न होऊन बेडशात आल्या तेव्हा गावात चांगला पाळणा एकच होता, शेजारच्या सरूबाईंच्या माळ्यावरचा. ज्याच्या घरी बारसं, त्याच्या घरी तो डोक्यावरून जायचा. हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटायच्या, दोरी ओढत बाया दिवेलागणीपर्यंत पाळणे म्हणायच्या. आणि बाराव्या दिवसाच्या आत गेलेल्या लेकराला नाव नसायचं. त्याच्याबद्दल बोलायची वेळ आलीच, तर बाया 'आधीचं' म्हणायच्या आणि निवडायचं सूप पुढं ओढायच्या. सरूबाईंची अशी किती होती, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं. नाव नसलं म्हणजे रडू लवकर आटतं, असं सासूबाई सांगत. नंदाबाईंना ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटत होतं.

"एकच काप बाबा," त्या सोहेलला म्हणाल्या.

"दोन," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"रेवा न्हाई."

प्रेरणाचे सासरे कोंडाजी बोलले होते. ते अंगणाच्या कडेला भाताच्या पेंढ्या रचत होते. इतका वेळ ते तिथं आहेत हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"काय न्हाई?" नंदाबाईंनी विचारलं.

"ती रेवा न्हाई. ती शरयू हाय. मी ठिवलंय नाव."

थोरली गेली त्या दिवशी माऊली, प्रेरणाचा नवरा, दवाखान्यात तिच्यापाशी होता. गुंडाळलेलं बाळ कोंडाजींच्याच हातात दिलं गेलं होतं. ओढ्याकाठच्या करंजाखाली तिला मातीत ठेवून ते घरी आले, अंघोळ केली, आणि त्यानंतर त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

"खड्डा झाला," कोंडाजी हातातल्या पेंढीकडं बघत म्हणाले. "आत ठिवाया गेलो, तर हात सुटंनात. काय म्हनून ठिवावी? घरात इतके दिस तेच एक नाव चाललं होतं. पोटावर हात ठिवून तूच म्हनायचीस, पोरी. मला दुसरं ठावं न्हवतं. तेच घेतलं."

"मोठ्यानं?" प्रेरणानं विचारलं.

"मोठ्यानंच. शरयू, नीज म्हनलं. मग माती लोटली."

प्रेरणा उंबऱ्यावर बसली. तिनं डोळे मिटून घेतले.

"आवो, पन तितं होतं कोन?" नंदाबाईंना एकदम घाई झाली. "कुनी ऐकलंय ते? ऱ्हाऊ द्या ते नाव हिलाच."

"तिनं ऐकलं की," कोंडाजी म्हणाले, आणि त्यांनी पुढची पेंढी उचलली.

सोहेलनं मोजपट्टी खिशात घातली. "मी नंतर फोन करतो, मावशी," असं पुटपुटून तो गाडीकडं गेला.

बाळ रडायला लागलं. प्रेरणाचे हात सैल पडलेले पाहून नंदाबाईंनी वाकून तिला उचललं आणि छातीशी धरलं. पेटीच्या काचेवर बोट वाजवत त्या इतके दिवस हिला शरू म्हणत आल्या होत्या. आताही त्यांचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. त्या अंगणातून पडवीत गेल्या, पडवीतून परत अंगणात आल्या. पोर थांबत नव्हती.

प्रेरणा ओढ्याच्या दिशेला बघत होती. नंदाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सांग की गं," त्या म्हणाल्या. "हिला काय म्हनू?"