पाठ केलेली उत्तरं

परीक्षा म्हटली की आमच्याकडे आधी गाईड शोधतात, मग ती दहावीची असो की मनाची. मी पवनीच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. माझ्या नऊ प्रश्नांचाही पेपर फुटू शकतो, हे मला कोंढ्याच्या जागेश्वरभाऊंनी शिकवलं.

त्यांची थोरली मुलगी खुशबू लाखांदूरकडे दिलेली. दिवाळीनंतर तिनं सासरी फवारणीचं औषध घेतलं. वाचली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर बाप तिला माहेरी घेऊन आला. आता जावई, कुलदीप, अडून बसला होता: डोकं ठिकाणावर आहे असा डॉक्टरचा कागद आणा, तरच नेतो. तो कागद माझ्या अहवालाशिवाय मिळत नाही, म्हणून बापलेक माझ्यासमोर बसले होते.

तपासणी साधीच असते. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, नको ते विचार यांचा त्रास किती झाला ते विचारायचं. काहीच नाही तर शून्य, रोजच असेल तर तीन. बेरीज वाढली की आजार खोल. छापील भाषा पुस्तकी, म्हणून मी आपल्या बोलीत विचारते.

"कामात मन लागत नाही, असं होते का?"

"अजिबात नाही," खुशबू म्हणाली. आमच्या भागात 'अजिबात' कोण म्हणतं? हा शब्द माझ्या कागदावर शून्यासमोर छापलेला होता. मी मुद्दाम प्रश्न फिरवला.

"झोप येते का बरोबर?"

"अजिबात नाही."

जागेश्वरभाऊ खोकले. "म्हंजे तरास नाही म्हणते ते, मॅडम. झोपते मस्त."

माझं डोकंच फिरलं. मी विचारल्यावर लपवावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. उलट कौतुकानं मोबाईल काढून दाखवला. शेजारच्या सुमनबाईंच्या सुनेची तपासणी झाली होती, तिनं कागदाचा फोटो धाडला होता. "रोज जेवण झाल्यावर पाठ करून घेतलं. पोरगी हुशार आहे, एकही चुकत नाही."

"भाऊ, मरता मरता वाचलेल्या पोरीला शून्य कसं येईल? तापाचं थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून कोणी बरं होतं का?"

"पण पास तं होते ना?"

मी त्यांना बाहेर बसवलं.

दार लावल्यावर खुशबूला म्हटलं, "हे पाह्य, इथं पास-नापास काही नसते. खरं सांगशील तर औषधपाणी करता येईल." ती ओढणीचं टोक पिळू लागली.

"मॅडम, नापास झालो तं सासरी धाडत नाही ना?"

"बरी होईपर्यंत नाही."

"मंग मले नापास करा."

मग तिनं खरी उत्तरं दिली. झोप नाही. घास उतरत नाही. पडलं की कोणी छातीवर पाय ठेवल्यासारखं होतं. बेरीज वाढत गेली आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. पोरगी बोलत होती. शेवटचा प्रश्न मरणाचा. तो विचारताना माझाच आवाज बारीक होतो.

"तठी सासरी गेलो का वाटते," ती म्हणाली. "अठी मायजवळ नाही वाटत."

इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचितच मिळालं आहे. मी अहवालात लिहिलं: माहेरीच ठेवावं, उपचार सुरू करावेत, तूर्त सासरी पाठवू नये. जागेश्वरभाऊंना आत बोलावून सगळं समजावलं.

ते मटकन खुर्चीत बसले. "असं नका लिहू, मॅडम. हिच्या पाठची गुड्डी आहे. तिले पाहाले पाहुणे येऊन राहिले रविवारी. पागलाची बहीण म्हणतीन तिले."

"ही पागल नाही. ही जिवंत हवी आहे का तुम्हाला?"

फार कडक बोलले मी, पण बोलले. त्यांनी हात जोडले आणि एकदम रडायला लागले, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. तरी लिहिलेलं मी खोडणार नव्हते, हे त्यांना सांगितलं.

खुशबूनं बापाला असं कधी पाहिलं नसावं. ती उभी होती, ती परत खुर्चीवर बसली. ओढणी सारखी केली.

"मॅडम, मघा मी चुकलो. परत विचारा."

"मी विचारणार नाही, खुशबू."

"मंग मीच सांगतो."

आणि ती सांगू लागली, कागदावरच्या क्रमानं, माझ्याकडे न बघता. कामात मन न लागणे, अजिबात नाही. उदास वाटणे, अजिबात नाही. झोप न येणे, अजिबात नाही. मी "थांब" म्हटलं, ती थांबली नाही. मरणाच्या प्रश्नालासुद्धा तिचा आवाज अडखळला नाही.

जागेश्वरभाऊंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. रोज पाठ घेताना ठेवत असतील तसाच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर."