कडूबाच्या दाताखालचा सूर

वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे काळ्या रंगाची, चकचकीत चाव्यांची एक लांब नळी वाजत असते, ती तुम्ही पाहिली असेल. तो मी. दुकानात माझं नाव क्लॅरिनेट. मोताळ्याच्या बाजूला मला 'कलारनेट' म्हणतात आणि आता मलाही तेच नाव जवळचं वाटतं.

माझा जन्म मेरठचा. भुसा उडणाऱ्या एका कारखान्यात मला कोरलं, घासलं, चाव्या बसवल्या. तिथून मी कापडात गुंडाळून रेल्वेने मलकापूरला उतरलो. मोताळ्याच्या गोपालने तेव्हा नवीन बँड काढला होता. त्याने ढोल, ताशे, दोन बिगुलं आणि मला घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "याले कोण फुंकते?" कोणी पुढे येईना. मग मागून एक सावळा, लाजरा माणूस हात धोतराला पुसत आला. तो कडूबा.

कडूबाचं जवळच्याच खेड्यात भाजीचं वावर होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर. वावराला पाणी देताना बांधावर बसून तो बासरी वाजवायचा, तेवढंच त्याचं शिक्षण. पण मला त्याने असं जवळ घेतलं, की महिन्याभरात माझ्यातून बेसूर काही निघेनासं झालं. लग्नाच्या मांडवात मुलगी सासरी निघाली की तो मला हळू धरायचा, आणि मग मुलीच्या बापाला आवरणं कठीण व्हायचं. माणसं गंमतशीर असतात. सूर ऐकून रडतात, वाजवणाऱ्याला मात्र नाव विचारत नाहीत.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला नुसतं ओठाने वाजवता येत नाही. माझ्या तोंडाला खालून वेताची पातळ पत्ती बांधलेली असते, ती खालच्या ओठावर टेकते. वरून समोरचे दात माझ्यावर रोवावे लागतात. त्या दातांनी मला घट्ट धरलं, तर सूर सरळ जातो. दात हलला की सूर हलतो. म्हणून कडूबाच्या तोंडाची खबर मला पुष्पाबाईच्या आधी लागायची.

पुष्पाबाई त्याची बायको. बोलायला फटकळ, पण नवरा वरातीहून परत येईपर्यंत भाकर तव्याजवळ झाकून ठेवणारी.

कडूबाच्या वरच्या डाव्या सुळ्याच्या शेजारचा दात किडायला लागला तो कधी, हे त्यालाही कळलं नाही. गालात तंबाखू, वरून वरातीतला गोड चहा. दाताच्या कडेला काळी रेघ आली. मग एका लग्नात कोणी बर्फाचं सरबत दिलं, आणि पहिला घोट घेताच कडूबाने डोळे मिटून घेतले. त्यानंतरच्या गाण्यात त्याने मला हळूच उजवीकडे सरकवलं. मला तेव्हाच समजलं.

घरी पुष्पाबाईने ओळखलं. "एका बाजूनं काऊन चावून राह्यले तुमी?"

"काई नाई. खडा आला दाताखाली."

तो खडा काही निघाला नाही. दात ठणकू लागला तसे सल्ले देणारे जमा झाले. दाताचं दुखणं निघालं की प्रत्येक माणूस डॉक्टर होतो, हे मी बँडच्या गाडीत बसून पाहिलं. एकाने लवंग धरायला सांगितली, दुसऱ्याने तुरटी. तिसऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. कडूबा त्या उपाशीपोटी घ्यायचा आणि वाजवायला उभा राहायचा. गोळीचा असर आहे तोवर सूर सरळ, असर उतरला की पुन्हा थरथर.

ढोल वाजवणारे जानराव सगळ्यांत वयस्क. त्यांनी तर कडूबाच्या मनात भीतीच घातली. "काईबी कर, पण वरचा दात काढू नोको. वरच्या दाताची नस डोयाले जाते. माह्या मामाचा डोया तसाच गेला."

जानरावांच्या मामाचा डोळा कशाने गेला, हे कोणीच विचारलं नाही. कडूबाने ते खरं धरलं.

एक दिवस हिरडीवर फोड आला आणि ओठ सुजला. तेव्हा पुष्पाबाईने त्याला जवळजवळ ओढतच मोताळ्याच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी वाजवायला जायचं होतं, म्हणून माझी पिशवी त्याच्या खांद्यालाच होती. तिथल्या डॉक्टर संजीवनी मॅडम वयाने लहान, बोलायला मायाळू. त्यांनी दाताचा फोटो काढून कडूबाला दाखवला.

"काका, हा काळा ठिपका दिसतो ना? मुळाशी पू झालाय. पण दात काढायची गरज नाही. आतून साफ करून भरता येईल. तीन-चार वेळा यावं लागेल, एवढंच."

"डोयाले काई होत नाई ना, म्याडम?"

"दात काढल्याने डोळा जात नाही, काका. पू तसाच ठेवला तर मात्र कुठेही जाऊ शकतो."

मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. कडूबाने मला बाहेर काढून दाखवलं. त्यांनी मला हातात घेऊन निरखलं आणि म्हणाल्या, "मग तर हा दात तुम्हाला पाहिजेच. वाचवू आपण. या गोळ्या मध्येच बंद करू नका. सूज उतरली तरी सगळ्या संपवा. आणि बाजाराच्या दिवशी नक्की या."

कडूबाने मान डोलावली. त्या क्षणी तो खरंच जाणार होता, एवढं मी खात्रीने सांगतो.

पण गोळ्या लागू पडल्या. दोन दिवसांत ओठ उतरला, ठणका थांबला, झोप लागली. उरलेल्या गोळ्या कडूबाने कागदात बांधून कोनाड्यात ठेवल्या, 'पुन्हा दुखलं तर' म्हणून. बाजाराचा दिवस आला तर लग्नाची सुपारी होती. पुढच्या बाजाराला दुसरी सुपारी.

गोपालही म्हणाला, "कडूबा, एवढी लग्नसराई निघू दे. तुह्याबिगर बँडले कोणी विचारत नाई. मंग मी सोता तुले नेतो दवाखान्यात."

गोपाल वाईट माणूस नव्हे. त्यालाही वाटलं, दातच तर आहे.

पुष्पाबाई मात्र रोज मागे लागायची. "गोळ्या संपवल्या नाईत तुमी. बाईनं काय सांगतलं होतं?"

एक दिवस कडूबा तिच्यावर ओरडला. "दात माहा दुखते का तुहा? काऊन डोकं खाऊन राह्यली?"

ती चुलीकडे वळली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. कडूबाला ते बरं वाटलं. नंतर त्याला सगळ्यांत जास्त टोचलं तेही हेच.

वैशाखात संग्रामपूरच्या बाजूला एक मोठं लग्न होतं. सातपुड्याकडून येणारा वाराही गरम. जाताना गाडीतच कडूबाचा गाल जड झाला होता. जानरावांनी दुपट्टा गरम पत्र्यावर धरून त्याच्या गालाला शेक दिला. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं.

त्या दिवशी त्याने मला कसं धरलं, ते मला आठवू नये असं वाटतं. दात माझ्यावर टेकले की त्याच्या कपाळापर्यंत कळ जायची. तो दात उचलायचा, सूर घसरायचा, लोक वळून पाहायचे, की तो पुन्हा दात रोवायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर नाचणाऱ्या पोरांना वाटलं, म्हातारा रंगात आला. एकाने त्याच्या डोक्यावरून नोट ओवाळली. माझ्या तोंडाला रक्त आणि पुवाची चव लागली होती, आणि मी वाजत होतो. मला थांबायचं असतं तरी थांबता येत नाही. फुंकणाऱ्याने थांबावं लागतं.

रात्री उशिरा गाडी गावात शिरली तेव्हा कडूबा तापाने फणफणला होता. नाकाच्या बाजूपासून गाल लाल झाला होता आणि डावा डोळा सुजून बंद. गोपाल त्याला उतरवायला लागला. तेवढ्यात पुष्पाबाई बाहेर आली. तिने कंदिलासारखा मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला आणि पाहिलं.

"उतरवू नका त्यायले. गाडी फिरवा. बुलडाण्याले चला."

"वहिनी, सकाळी जाऊ ना. आता कोणता दवाखाना उघडा असन?"

"मोठा दवाखाना उघडाच राह्यते. तुमाले नसन यायचं तं खाली उतरा, मी दुसरी गाडी पाहीन," ती म्हणाली आणि तशीच, बिनचपलेची, गाडीत चढली.

गोपालने गाडी फिरवली. ढोल, ताशे, बिगुलं आणि जानराव, सगळेच आमच्यासोबत निघाले. घाट चढताना कडूबाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो तिचा हात चाचपडत होता आणि काहीतरी बोलत होता, पण जबडा उघडत नव्हता, म्हणून शब्द कळत नव्हते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि लगेच नर्सला हाक मारली. सलाईन लागली, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरून शेक दिला होता का?" जानरावांनी मान खाली घातली.

"शेकाने पू पसरतो. हा आता डोळ्याखाली पोहोचलाय. इथून तो मागे मेंदूकडे जातो. तुम्ही सकाळपर्यंत थांबला असतात तर काय झालं असतं, सांगता येत नाही."

हिरडीला चीर देऊन पू काढला. किडलेला दात, त्याच्या एका बाजूचा सुळा आणि दुसऱ्या बाजूचा समोरचा दात, तिन्ही काढावे लागले. मुळाभोवतालचं हाडच पुवाने खाल्लं होतं. डोळा वाचला. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी कडूबा जागा झाला तेव्हा पुष्पाबाई त्याला चमच्याने गार पेज देत होती. गालाला पट्टी होती. त्याने जिभेने रिकामी जागा चाचपून पाहिली. मग फुसफुसत म्हणाला, "दुखणं गेलं, पुष्पे. इतकं सोपं होतं काय व?"

तिने चमचा पुढे केला.

यानंतर सांगण्यासारखं थोडंच आहे. जखम भरल्यावर संजीवनी मॅडमनी त्याला काढ-घाल करायची कवळी बसवून दिली. त्या रागावल्या नाहीत, हेच कडूबाला जड गेलं. त्याने घरी येऊन मला तोंडाला लावलं. कवळी माझ्या वजनाने हलली, सूर फाटला. कवळी काढून वाजवायला गेला तर सगळी हवा खिंडीतून निघून गेली. त्याने पुष्कळ दिवस खटपट केली. मी माझ्या परीने साथ दिली, पण दाताच्या जागी दात लागतो. शेवटी त्याने पत्ती सोडून ठेवली आणि मला पुसून पिशवीत घातलं.

गोपाल एकदा येऊन बसला. "म्याच तुले लग्नसराई निघू दे म्हनलं, कडूबा."

"तू म्हनलं, पण आयकलं कोणं? म्याच ना," कडूबा म्हणाला. मग दोघं चहा पिऊन उठले. आता गोपालच्या बँडमध्ये माझ्या जागी की-बोर्ड वाजतो, मोठ्या भोंग्यांवर. लोक त्यावरही नाचतात.

मी खुंटीला आहे. धूळ बसू देत नाही कडूबा, एवढं सुख. माझ्या जातीतली पुष्कळ वाद्यं भंगारात गेली, मी घरात आहे. पण वाजणाऱ्या वस्तूला नुसतं असणं पुरत नाही. वाचणाऱ्यांनो, मला इतकंच म्हणायचं आहे, की ठणका थांबला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका. गोळ्या पुऱ्या करा. ज्याने दात पाहिलाय त्याच्याकडे पुन्हा जा. आणि घरातलं माणूस मागे लागलं तर त्याच्यावर ओरडू नका.

परवा सकाळी पुष्पाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मध्येच तिने तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि गालावर हात ठेवून थबकली. कडूबाने ते पाहिलं.

"कोणता दात?"

"काई नाई. अशीच कळ आली."

"कोणता?"

"खालचा. मागचा. जुड्या होऊ द्या, मंग पाहू."

तो ओरडला नाही, समजावतही बसला नाही. तिच्या हातातली जुडी काढून खाली ठेवली, तिच्या चपला आणून तिच्या पायाशी मांडल्या आणि शेजारच्या दीपककडे मोटारसायकल मागायला गेला. दुपारी दोघं परत आले. मॅडमनी तिचा दात भरून दिला होता. तिचा अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे हसली की तोंड वाकडं व्हायचं. ते पाहून कडूबा हसला.

मेथी उन्हाने कोमेजून पडली होती. कडूबाने त्या जुड्यांकडे पाहिलंही नाही. खुंटीवरून मला काढलं, ओट्यावर बसला आणि मांडीवर आडवं घेऊन बोटं माझ्या चाव्यांवर ठेवली. फुंकलं नाही. नुसती बोटं चालू लागली. मुलगी सासरी निघते तेव्हाचं ते गाणं होतं. चाव्यांची टकटक तेवढी होत होती.

पुष्पाबाई बाजूला येऊन टेकली. थोडा वेळ तिने ऐकलं.

"वाजवा ना," ती म्हणाली.

कडूबाची बोटं थांबली नाहीत. "वाजवूनच तं राह्यलो," तो म्हणाला.