बांधावर काढलेले बूट

“पदू, पायातलं काढ नि ढेकूळ घे डोक्यावर,” येसूवहिनी म्हणाली आणि बांधावर उभ्या असलेल्या पदूने खाली पायांकडे पाहिलं.

पायात बूट होते. जन्मातले पहिले. आठ दिवसांपूर्वी निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी लोकूमल शेठने घेऊन दिलेले. वर त्याने बजावलंही होतं, “दलाल का पाँव साफ दिखना चाहिए, साईं.” अंबरनाथ ते बदलापूर कुठलं शेत कुणाचं, कुठल्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे पदूला तोंडपाठ. जमिनी शोधत हिंडणाऱ्या शेठला असाच माणूस हवा होता.

बारा वर्षं गवताच्या वखारीवर पेंढ्या दाबून पदूची पाठ कामातून गेली होती. त्याची बायको बकुळा तर बूट बघून हरखूनच गेली. “बरं झालं बाय! तुज्या पाठीला तेल चोलायचा माजा धंदा तरी सुटंल,” ती म्हणाली. तरी पदूने शेठला अजून होकार दिला नव्हता. येसूवहिनीचं शेत दाखवतो आणि तिथंच काय ते सांगतो, एवढंच बोलून आज तो शेठला बांधावर घेऊन आला होता. मनात मात्र सगळं ठरल्यात जमा होतं.

पण विकायचा विचार करायच्या आधी येसूवहिनीला शीव ठरवून हवी होती. तिचा नवरा देऊ वारल्यापासून शेजारच्या चंदरने दरसाल थोडा थोडा बांध सरकवला होता. असा तंटा निघाला की गाव पदूलाच बोलावी. आंघोळ करून, अनवाणी, त्याच शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन तो चालेल ती शीव. खोटं पाऊल टाकलं तर चालणाऱ्याच्या घरादाराचं वाटोळं होतं, असं सगळे मानत. आधी पदूचा बाप चालायचा, मग पदू. तो आजवर तीनदा चालला होता आणि तिन्ही वेळा हरलेल्यानेसुद्धा त्याला घरी नेऊन जेवू घातलं होतं.

देऊबरोबर त्याने याच बांधावर कितीतरी वर्षं गवत कापलं होतं. जुनी शीव त्याच्या तळपायांना ठाऊक होती. तो ढेकूळ उचलायला वाकला, तोच चंदर पुढे आला.

“थांब रं. आता तू कुनाचा मानूस? शेठचा. जमीन जेवरी मोठी, तेवरी तुजी दलाली मोठी. दलालाच्या डोक्यावरचं ढेकूळ मना मान्य नाय!”

चंदर एक नंबरचा आडमुठा. पण या वेळी तो खोटं बोलत नव्हता, आणि पदूला त्याचा रागही येईना.

येसूवहिनी हळूच म्हणाली, “त्याचं जाऊ दे. पन तू दलाल झालास, तर जमीन इकू का नको, ह्ये मी इचारू कुनाला?”

आठ दिवस आपल्या डोळ्याला डोळा का लागत नव्हता, ते पदूला तेव्हा कळलं. तो बांधावरच खाली बसला.

“शेठ, मना नाय जमनार. दुसरा दलाल बघ.”

“सोच ले, पदू. फिर नहीं पूछूँगा.”

“नको इचारू,” पदू म्हणाला आणि नाड्या सोडू लागला. सकाळी त्याने त्या बैलाच्या दाव्यासारख्या आवळल्या होत्या. आता गाठ काही सुटेना. चंदर फिदीफिदी हसला. तेव्हा लोकूमल शेठच धोतर सावरून उकिडवा बसला आणि नखांनी गाठ सोडवू लागला.

“उधर सिंध में हमारा भी खेत था,” मान वर न करता तो म्हणाला. “उसकी शीव अब किसको याद होगी?”

बूट निघाले. गार माती पायांना लागली आणि पदूला इतकं हलकं वाटलं की लाजच वाटली. ओहोळात डुबकी मारून तो आला आणि ओल्या डोक्यावर ढेकूळ घेऊन चालू लागला. मागे येसूवहिनी, मागे बूट हातात धरलेला शेठ. चंदरचा नवा बांध डावीकडे राहिला. पदू चार हात पलीकडून, चंदरच्या पेरलेल्या वालांतून चालत गेला. चंदर बांधावरून बघत राहिला. शेवटी तोच म्हणाला, “जेवाला ये घरा.”

“येईन सांजचा.” ढेकूळ खाली ठेवून पदू येसूवहिनीकडे वळला. “वरचा माळ इक. खालचं भाताचं खाचर ठेव.”

“दलाल बनता, तो ऐसा बोलता क्या?” शेठ हसला. त्यालाही कारखान्याच्या शेडसाठी माळच पुरणार होता.

पदू दुपारी घरी पोचला. बकुळाने त्याचे अनवाणी पाय पाहिले. कानामागून मानेवर सुकलेले मातीचे ओघळ पाहिले.

“शीव चाललास?”

“चाललो.”

तिने फळीवरची तेलाची बाटली काढली. “पड पालथा,” ती म्हणाली.

तिचा हात कमरेपर्यंत पोचायच्या आत पदू घोरू लागला होता.